दर वळवाला एससीबीची कार्डं जातात: सोलर प्लांटवर वीज चमकून गेल्यावर नेमकं काय तपासायचं

प्रॉब्लेम आधी सांगतो. एप्रिलच्या शेवटापासून मृग लागेपर्यंत, दुपारी चारच्या पुढं आभाळ भरून येतं, वावटळ सुटते, अर्धा-पाऊण तास वळीव बदाबदा कोसळून जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्काडा (प्लांटवर नजर ठेवायची कॉम्प्युटर सिस्टीम) उघडावा तर पाच-सात एससीबी (स्ट्रिंग कम्बायनर बॉक्स, मॉड्यूलच्या वायरी जिथं एकत्र येतात ते) लाल. जनरेशन चालू असतं, करंट येत असतो, पण कम्युनिकेशन गेलेलं. बॉक्स उघडला की मॉनिटरिंग कार्डावरची ४८५ची (आरएस-४८५, डेटा पाठवायच्या तारेची) चिप फुटलेली, कधी एसपीडीच्या (व्होल्टेजचा झटका अर्थिंगला वळवणारं उपकरण) एका पोलची खिडकी लाल, म्हणजे तो पोल गेलेला, सोबत कुंपणावरचे दोन कॅमेरे बंद आणि वेदर स्टेशनचा डेटा गायब. मग कार्ड बदलायचं, एसपीडीची आतली कार्ट्रिज बदलायची, ब्रेकडाउन रजिस्टरला ‘वीज पडली’ असं लिहायचं आणि पुढच्या वळवाची वाट बघायची. आमच्या साइटवर सलग तीन हंगाम हेच चाललं होतं.

साइट म्हणजे १० मेगावॉटचा ग्राउंड माउंट प्लांट, धाराशिव भागात, १५०० व्होल्टची सिस्टीम, सेंट्रल इन्व्हर्टर, वर काळी माती आणि खाली मुरूम. हे सविस्तर लिहितोय कारण आता सौर कृषी वाहिनी योजनेत तालुक्या-तालुक्याला सबस्टेशनजवळ छोटे प्लांट उभे राहताहेत, तिथं बऱ्याच ठिकाणी एक ऑपरेटर आणि एक वॉचमन एवढ्यावर सगळं चालतं, आणि वीज चमकून गेली की काय बघायचं हे त्या पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांना फक्त स्पेअर कार्डांची पेटी दिलेली असते.

आमची पहिली चूक ‘वीज पडली’ या शब्दातच होती. वीज खरंच टेबलावर (मॉड्यूल बसवलेल्या लोखंडी चौकटीवर) पडली तर ते लपत नाही, मॉड्यूलची काच तडकते, फ्रेमच्या कोपऱ्यावर वितळल्याचा ठिपका दिसतो, वायरीचे एमसी फोर कनेक्टर काळे पडतात, कधी जंक्शन बॉक्सचं झाकणच उडतं. आम्ही तीन वर्षांत असं एकही मॉड्यूल बघितलं नव्हतं. म्हणजे वीज आसपास कुठंतरी, रानात, एखाद्या बाभळीवर, आमच्याच एखाद्या एलएवर (लाइटनिंग अरेस्टर, वीज पकडायचा रॉड) किंवा शेजारच्या लाइनवर पडत होती आणि मार आमच्या कार्डांना बसत होता, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं. पण कार्ड मिळतंय, बदलतोय, प्लांट चालतोय म्हटल्यावर कुणी खोलात जात नाही, तसं झालं.

चौथ्या हंगामाआधी, मार्चमध्ये, एक साधं काम केलं. प्लांटच्या लेआउटची मोठी प्रिंट काढली, ब्रेकडाउन रजिस्टर उघडलं आणि तीन वर्षांत जिथं जिथं कार्ड, कॅमेरा, एसपीडी गेला तिथं लाल पेनानं ठिपका मारला. विजेनं प्लांटभर विखरून मार दिला असता तर ठिपके विखरून आले असते. आले ते जवळपास सगळे उत्तरेकडच्या ट्रेंचच्या (केबलच्या चराच्या) बाजूनं, एका ओळीत, आणि त्याच ओळीत तीन एलएचे पोल. तुमच्याकडं असा नकाशा नसेल तर आधी तो करा, दुसरं काही करू नका. तासाभराचं काम आहे आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता मार नेमका कसा बसतो ते दोन भागांत समजून घ्यायला लागतं, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिला भाग लूपचा. विजेचा करंट एका मायक्रोसेकंदात हजारो अँपियर चढतो, त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तितक्याच झपाट्यानं बदलतं आणि त्या क्षेत्रात तुमच्या वायरचा जो काही गोल पडलेला असेल त्यात व्होल्टेज तयार होतं. हिशोब अवघड नाही. वीज १०० मीटरवर पडली आणि करंट मायक्रोसेकंदाला ३० किलोअँपियरनं चढतोय असं धरलं तर प्रत्येक चौरस मीटर लूपमागं साधारण ६० व्होल्ट तयार होतात. आमच्या काही टेबलांवर स्ट्रिंग (एकामागं एक जोडलेल्या मॉड्यूलची साखळी) वरच्या रांगेतून एका टोकाला जात होती आणि परतीची वायर खालच्या पर्लिनवरून (आडव्या पट्टीवरून) मोकळी आणलेली होती, म्हणजे ३० मीटर लांब आणि २ मीटर रुंद असा ६० चौरस मीटरचा गोल. गुणाकार करा, ३६०० व्होल्ट होतात. तीच वीज ५० मीटरवर पडली तर दुप्पट. आणि हे वीज प्लांटला स्पर्शही न करता.

इलाज स्वस्तातला आहे पण अंगमेहनतीचा. परतीची वायर मॉड्यूलच्या मागं, जिथून स्ट्रिंगची इंटरकनेक्शन केबल गेलीय तिथूनच, तिला चिकटून परत आणायची. प्लस आणि मायनस एकाच टोकाला, एकाच पाइपातून खाली उतरवायचे, दोन बाजूंनी दोन नाही. नवीन प्लांट होत असेल तर एक मॉड्यूल सोडून एक असं जोडत जायचं आणि सुटलेल्या मॉड्यूलमधून परत यायचं, म्हणजे परतीची लांब वायरच लागत नाही आणि लूप जवळपास शून्य होतो, फक्त मॉड्यूलची केबल तेवढी लांब आहे का ते ऑर्डर देतानाच बघायला लागतं. जुन्या प्लांटला सगळं उकलत बसू नका, लाल ठिपक्यांच्या ओळीतली टेबलं आधी घ्या. आणि एमसी फोर लोडवर काढू नका, हे माहीत असूनही घाईत होतं म्हणून परत लिहितोय.

दुसरा भाग अर्थिंगचा, आणि आमच्याकडं खरा दोष इथंच निघाला. एलएवर वीज पडली आणि समजा २० किलोअँपियर करंट ५ ओहमच्या पिटमध्ये (अर्थिंगच्या खड्ड्यात) गेला, तर त्या पिटच्या जागी जमिनीचं पोटेन्शियल १ लाख व्होल्टनं वर उचललं जातं. क्षणभरच, पण जातं. आता त्या पिटपासून दहा मीटरवर एक एससीबी आहे आणि तिच्यातून ४८५ची तांब्याची केबल दीडशे मीटरवरच्या इन्व्हर्टर रूममध्ये गेलीय, जिथलं अर्थिंग वेगळं आहे. दोन ठिकाणच्या जमिनीत हजारो व्होल्टचा फरक आणि मधे दुवा म्हणून ती एक बारीक केबल. ४८५च्या स्टँडर्डमध्ये चिपनं सहन करायचा कॉमन मोड व्होल्टेज (दोन्ही तारांवर जमिनीच्या मानानं एकसारखा येणारा) आहे उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट. बाराच. मग ती चिप फुटणारच, त्यात कार्डाच्या कंपनीचा दोष नाही आणि महागडं कार्ड घेऊनही ती वाचणार नाही.

आमच्या कॉन्ट्रॅक्टरनं एलएचे पिट मुद्दाम वेगळे ठेवले होते, बॉडी अर्थिंगच्या मेशला (जमिनीखालच्या पट्ट्यांच्या जाळीला) जोडले नव्हते, कारण ‘एलएचं अर्थिंग वेगळंच ठेवायचं असतं, नाहीतर वीज सगळीकडं पसरते’ हा समज आपल्याकडं इतका पक्का बसलाय की ड्रॉइंगमध्येही तसंच येतं. त्या समजामागं चांगला हेतू आहे हे मान्य, पण तो चुकीचा आहे. आयईसी ६२३०५ हे विजेपासून संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड सरळ सांगतं की सगळ्या कामांसाठी एकच जोडलेलं अर्थिंग चांगलं. पिट स्वतंत्र असावा, डाउन कंडक्टरनं वीज थेट तिथं न्यावी, हे बरोबर, पण जमिनीखाली तो पिट मुख्य मेशला जोडलेला पाहिजे, म्हणजे वीज आली की सगळा प्लांट सोबतच वर उचलला जाईल आणि दोन टोकांमधला फरक कमी राहील. पक्षी एका तारेवर बसतो तेव्हा त्याला काही होत नाही, दोन तारांना टेकला की मरतो, तसंच आहे हे.

हे सापडलं कसं, तेही सांगतो, कारण तुम्हाला अर्ध्या दिवसात तपासता येईल. क्लॅम्पचा अर्थ टेस्टर असतो ना, जो पट्टीभोवती नुसता लावायचा, तो आपण ओहम बघायला वापरतो. पण तो खरं तर पूर्ण लूपचा रेझिस्टन्स मोजतो. पिट मेशला एकापेक्षा जास्त वाटांनी जोडलेला असेल, म्हणजे पट्ट्यांचाच गोल पूर्ण होत असेल, तर अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, आणि लोक खूश होतात की पिट किती भारी आहे, पण ते पिटचं रीडिंग नसतंच. आणि पिट कशालाच जोडलेला नसेल तर टेस्टरला परतीचा रस्ता मिळत नाही, स्क्रीनवर ओव्हर लिमिट येतं. त्या ओळीतल्या तीनही एलएवर ओव्हर लिमिट आलं. दरवर्षी येत होतं, आणि दरवर्षी टेस्ट रिपोर्टमध्ये ‘क्लॅम्प लागत नाही’ असा शेरा मारून फॉल ऑफ पोटेन्शियलची (जमिनीत खुंट्या ठोकून मोजायच्या पद्धतीची) दुसरी रीडिंग लिहिली जात होती. सगळं समोर होतं.

ओहमच्या आकड्याबद्दल एक सांगतो. काळ्या मातीत ऑगस्टमध्ये ३ ओहम दाखवणारा पिट मे महिन्यात ११ दाखवतो, कारण जमिनीला हाताएवढ्या भेगा पडतात आणि माती इलेक्ट्रोडपासून सुटते. वीज नेमकी मेमध्येच पडते. म्हणून अर्थिंगची टेस्ट पावसाळ्यानंतर घेऊन फाइलला लावण्यात काही अर्थ नाही, एप्रिलमध्ये घ्या, पिटमध्ये पाणी ओतून नाही, आहे त्या स्थितीत. पण आकड्याच्या मागं फार लागू नका, २ ओहम आणि ५ ओहमच्या वादापेक्षा सगळं एकमेकांना नीट जोडलंय का हे जास्त महत्त्वाचं. एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत, टेबलापासून एससीबीपर्यंत, एससीबीपासून इन्व्हर्टरच्या अर्थ बारपर्यंत लो ओहम मीटरनं कंटिन्युइटी बघा. जिथं रीडिंग एकदम वाढेल तिथं सांधा गंजलाय किंवा वेल्डिंग सुटलंय. स्ट्रक्चरचे शेकडो पाय जमिनीत गेलेले असतात, ते सगळे एकत्र जोडले की त्याच्यासारखा इलेक्ट्रोड विकत मिळत नाही, पण जोडलेले नसतील तर ते नुसते खांब. मेशचा चौकोन २० बाय २० मीटर असला तर उत्तम, ४०च्या पुढं जाऊ देऊ नका.

आणि पट्टी जागेवर आहे का तेही बघा. स्विचयार्डातल्या एका एलएची तांब्याची पट्टी जमिनीपासून हातभर वर कापून नेलेली आम्हाला एप्रिलच्या राउंडला सापडली, गवतामुळं दिसत नव्हती. तिथं आता जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी टाकलीय.

आता एसपीडी. ह्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथं जातो आणि सगळ्यात साधी चूक इथं आहे.

एससीबीचा बॉक्स उघडा. एसपीडीच्या खालून हिरवी-पिवळी वायर निघते आणि बॉक्सच्या अर्थ बारला जाते. आमच्याकडं ती वायर अडीच मीटरची होती, कारण पॅनेलवाल्यानं सगळ्या बॉक्सना एकाच मापाच्या वायरी कापल्या होत्या, आणि जास्तीची लांबी त्यानं मस्त गोल गुंडाळून, तीन केबल टाय मारून, डाव्या कोपऱ्यात नीट बसवली होती. दिसायला फार सुरेख. प्रत्येक बॉक्सला तसंच वेटोळं, ओळीनं. इन्स्पेक्शनला आलेल्या माणसानं कामाच्या सफाईचं कौतुकही केलं होतं. पण वायरीच्या प्रत्येक मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, सरळ वायरीला, गुंडाळलेल्या वायरीला त्याहून जास्त. सर्जचा करंट मायक्रोसेकंदाला १ किलोअँपियरनं चढला तर दर मीटरमागं १ किलोव्होल्ट त्या वायरीवरच पडतो. म्हणजे एसपीडीच्या लेबलवर प्रोटेक्शन लेव्हल (तो पुढं जाऊ देतो ते व्होल्टेज) ४.५ केव्ही लिहिलंय, त्यात अडीच मीटरचे अडीच केव्ही मिळवा, वर वेटोळ्याचे, आणि इन्व्हर्टरला प्रत्यक्षात ७ केव्हीच्या वर सहन करायला लागतं. एसपीडी चांगला, पिट चांगला, आणि वाट लावली त्या नीटनेटक्या वेटोळ्यानं.

एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या वायरी धरून एकूण लांबी अर्धा मीटर, हा नियम. जमत नसेल तर अर्थ बार एसपीडीच्या खाली आणा, बॉक्सच्या आत दुसरी छोटी पट्टी मारा, पण वायर लहान करा, सरळ करा, ९०च्या कोनात मोडू नका, वेटोळं अजिबात नको. जाडी टाइप २ ला (टाइपचं पुढं सांगतो) किमान ६ स्क्वेअर, म्हणजे चौरस मिमी, तांब्याची, टाइप १ ला १६ स्क्वेअर. लोक १० स्क्वेअर घालून लांब ठेवतात, त्याचा उपयोग होत नाही, इंडक्टन्स जाडीनं फारसा कमी होत नाही, लांबीनंच होतो. आणखी एक, एससीबीत एसपीडी आहे म्हणून इन्व्हर्टरच्या तोंडाशी नको असं नाही, मधली केबल १० मीटरच्या वर असेल तर दोन्ही टोकांना लागतो.

टाइप १ आणि टाइप २ मध्ये काय घ्यायचं ते सोपं करून सांगतो. टाइप १ ची टेस्ट १०/३५० च्या वेव्हनं होते, म्हणजे प्रत्यक्ष विजेच्या करंटचा लांबलचक झटका, टाइप २ ची ८/२० नं, म्हणजे इंडक्शननं आलेला आखूड झटका. एलए जर टेबलाच्या स्ट्रक्चरलाच बोल्ट केलेला असेल तर विजेचा काही भाग डीसी केबलमधून वाहणार, तिथं टाइप १ किंवा १ अधिक २ पाहिजे. एलए वेगळ्या पोलवर, टेबलापासून पुरेसा लांब असेल, तर टाइप २ चालतो.

काही साइटवर असं होतं की वीज नसतानाही कार्ट्रिज जळतात, भर उन्हात किंवा डिसेंबरच्या सकाळी. तिथं विजेच्या मागं लागू नका. लेबल वाचा. १००० व्होल्टची कार्ट्रिज १५०० च्या सिस्टीमला लावलेली मी स्वतः बघितलीय, दोन्ही एकाच बेसमध्ये बसतात म्हणून स्टोअरमधून जे हाताला लागलं ते लागलं. आणि थंडीत व्होल्टेज वाढतं हेही धरा, २८ मॉड्यूलची स्ट्रिंग, एका मॉड्यूलचं ओपन सर्किट (लोड नसतानाचं) व्होल्टेज ४९.५, म्हणजे १३८६, आणि सेल १० डिग्रीवर असताना तेच १४४० च्या वर जातं. कार्ट्रिजवरचा कमाल डीसी व्होल्टेज त्याच्या वर पाहिजे. आणि ती डीसीची, सोलरसाठीच टेस्ट झालेली, आयईसी ६१६४३-३१ ची पाहिजे. एसीची कार्ट्रिज डीसीला लावली तर फॉल्टला आर्क विझत नाही आणि बॉक्सला आग लागते, यात अजिबात तडजोड नको.

एसपीडीला मागं एक छोटा ड्राय कॉन्टॅक्ट (सिग्नल द्यायचा स्विच) असतो, कार्ट्रिज गेली की उघडतो. तो आमच्या एकाही बॉक्सला वायर केलेला नव्हता. खिडकी लाल झालीय हे बॉक्स उघडेपर्यंत कळत नाही, आणि तोवर पुढचा वळीव येतो आणि बिनएसपीडीच्या बॉक्समध्ये घुसतो. आमचे निम्मे बळी असे गेलेत. कार्डावर एक डिजिटल इनपुट रिकामा होता, दोन वायरी ओढल्या, काम झालं. लाल खिडकीची कार्ट्रिज बदलताना शेजारच्या हिरव्या दिसतात म्हणून सोडू नका, टेस्टर असेल तर १ मिलीअँपियर करंटला येणारं व्होल्टेज मोजा, कमी आलं असेल तर तीही काढा. आणि मेगर (इन्सुलेशन टेस्टर) मारताना एसपीडी बाहेर काढा, नाहीतर इन्सुलेशन कमी दाखवतं आणि चांगली केबल खराब म्हणून दिवसभर शोधत बसाल.

एलएच्या पोलबद्दल विचारतात सगळे, कितीचा लावायचा, कुठला लावायचा. आम्हालाही दुसऱ्या वर्षी सांगितलं गेलं की एलए वाढवा, आम्ही दोन वाढवले आणि नुकसान वाढलं, कारण वीज पकडायची सोय वाढली आणि तिला नेऊन सोडलं त्याच तुटक पिटमध्ये. रोलिंग स्फिअरनं (काल्पनिक गोळा फिरवून रॉड किती जागा झाकतो ते काढायची पद्धत) संरक्षणाच्या लेव्हल ३ चा हिशोब केला, ४५ मीटर त्रिज्येच्या गोळ्याचा, तर ६ मीटरचा साधा रॉड जमिनीवर २२ मीटरपर्यंत झाकतो पण अडीच मीटर उंचीच्या टेबलाच्या कडेला फक्त साडेसात मीटरपर्यंत. म्हणून लोक ईएसईकडं (साध्या रॉडपेक्षा लवकर वीज पकडतो असा दावा असलेल्या रॉडकडं) वळतात, तिथं एकाच पोलला १०० मीटरच्या आसपास त्रिज्या सांगतात. ती त्रिज्या फ्रेंच एनएफसी १७-१०२ च्या स्टँडर्डमधली आहे, आयईसी ६२३०५ ती धरत नाही, ते फक्त रॉडच्या खऱ्या मापावर हिशोब करतं. माझं मत विचाराल तर नवीन प्लांटला साधे रॉड जास्त संख्येनं, आणि पैसे उरले तर मेशमध्ये घाला. रॉड बारीक असेल तर सावलीची भीती नको, सूर्याची गडद सावली रॉडच्या जाडीच्या १०८ पट अंतरावर संपते, म्हणजे १० मिमीचा रॉड मॉड्यूलपासून १ मीटर ८ सेंमीच्या पुढं असला की फक्त फिकट सावली पडते. जाड पोल मात्र टेबलाच्या उत्तरेला ठेवा.

आम्ही काय बदललं ते आता एकत्र सांगतो. तिन्ही जुन्या आणि दोन्ही नव्या एलएचे पिट ५० बाय ६ च्या जीआय पट्टीनं मेशला जोडले, सांधे वेल्ड करून वर बिट्युमेन. उत्तरेच्या ट्रेंचमध्ये केबलच्या वर, केबलसोबत एक पट्टी टाकली, आणि मगच ४८५च्या शील्डची दोन्ही टोकं अर्थ केली, कारण पट्टी नसताना दोन्ही टोकं बांधली तर शील्डच तो सगळा करंट वाहून नेते. ब्लॉक (प्लांटचा एक भाग) ते स्काडा रूम तांबं काढून फायबर टाकलं, ४८५ फक्त ब्लॉकच्या आत ठेवलं आणि त्याच्या दोन्ही टोकांना डेटाचे एसपीडी लावले. कुंपणावरचे कॅमेरे पण फायबरवर घेतले, तिथल्या लॅन केबल शंभर-शंभर मीटर उघड्या धावत होत्या, आणि कुंपण स्वतः दर काही अंतरावर अर्थ केलं. एससीबीतली वेटोळी कापायला दोघा टेक्निशियनना चार दिवस लागले. सगळ्यात महाग फायबर पडलं आणि सगळ्यात जास्त फरक पट्टीनं आणि कापलेल्या वायरीनं पडला असं मला वाटतं. त्या हंगामात दोन कार्डं गेली, आधी एका हंगामाला पेटी संपायची.

वळीव होऊन गेल्यावर सकाळी कुठून सुरुवात करायची याचा आमचा क्रम असा पडलाय. आधी स्काडावर कुठले बॉक्स कधी गेले ती वेळ लिहून घ्यायची, इन्व्हर्टरच्या इव्हेंट लॉगची वेळ शेजारी, आणि आदल्या दिवशी विजा दाखवणाऱ्या दामिनी ॲपचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवलेला असतो तो सोबत, इन्शुरन्सच्या सर्व्हेयरला हेच लागतं, आणि जळकी कार्ट्रिज फेकायची नाही. इन्व्हर्टर इन्सुलेशनचा फॉल्ट देत असेल तर दहापर्यंत थांबून बघायचं, दवानं आलेला असेल तर ऊन चढलं की जातो, विजेनं केबलला भोक पाडलं असेल तर जात नाही. मग स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज, फ्यूज लोडवर न उघडता, आयसोलेटर पाडून. शेजारच्या स्ट्रिंगपेक्षा १६ व्होल्टच्या आसपास कमी दिसलं तर एखाद्या मॉड्यूलचा बायपास डायोड (मॉड्यूलचा एक भाग वगळून करंट नेणारा) शॉर्ट झालाय. हे नुकसान स्काडावर दिसतच नाही, २८ मॉड्यूलमध्ये १६ व्होल्ट म्हणजे एक टक्का आणि थोडं, पण जन्मभर जात राहतं. त्या मॉड्यूलवर मल्टिमीटर लावला की ४९ च्या जागी ३३ दाखवेल. थर्मल कॅमेरा असेल तर मॉड्यूलचा एक तृतीयांश पट्टा वेगळा दिसतो. शेवटी ३३ केव्हीच्या डबल पोलवरचे एलए (हे रॉड नव्हे, लाइनवरचा झटका जमिनीत सोडणारे), काउंटर वाढलाय का आणि लीकेज किती, कारण लाइनवर पडलेली वीज तिथूनच आत येते.

हे सगळं आभाळ मोकळं झाल्यावर. प्लांटवर मॉड्यूल धुणारी पोरं असतात, गवत काढणाऱ्या गावातल्या बाया असतात, आणि पाऊस आला की सगळे टेबलाखाली बसतात, कारण तिथं कोरडं असतं. टेबल म्हणजे लोखंडाचं शेत आहे, त्याला टेकून बसलेल्या माणसाला वाचवणारा एसपीडी नसतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला की वीज १० किलोमीटरच्या आत आहे, काम बंद, सगळे इन्व्हर्टर रूममध्ये किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर नाही. पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलेलं दामिनी ॲप प्रत्येक सुपरवायझरच्या मोबाइलवर पाहिजे, ते आसपासच्या विजा दाखवतं. आमच्याकडं आता सायरन बसवलाय, बायकांना मोबाइलची गरज पडू नये म्हणून.

ब्लॉक ४ ची ट्रेंच अजून राहिलीय. गेल्या हंगामातली दोन्ही कार्डं तिथलीच. पट्टी साइटवर येऊन पडलीय, वेल्डर सांगून ठेवलाय, आणि मृगाच्या आधी खोदाई उरकायची आहे, कारण एकदा काळी माती भिजली की तिथं जेसीबी जात नाही.